आधी वडिलांची साक्ष

त्यांच्या ऑफिसात अशिलासाठी समोरची खुर्ची नव्हती. लातूरच्या कोर्टाजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली होती. भिंतीला लागून एक लांब बाकडं आणि बाकड्यासमोर खिडकी. येणारा माणूस बाकड्यावर बसे आणि वकीलबाई त्याच्या शेजारी बसत. टेबल होतं, पण ते कागदांचं. त्याच्यामागे बसलेलं त्यांना मी कधी पाहिलं नाही.

मोठ्या माणसांना हे अवघड जाई. एका शाळेचे संस्थाचालक एकदा वैतागून म्हणाले, "बाई, तोंडाकडं बघून बोलायची सवय हाय आम्हाला."

"हे बाकडं लेकरांच्या सवयीचं हाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही उभं राहिलात तरी चालेल."

त्यांच्याकडे येणारी बहुतेक अशिलं आठ ते सोळा वर्षांची असत. लहानपणी ज्यांच्यावर घरातल्या, शेजारच्या किंवा शाळेतल्या माणसाने अत्याचार केला, अशी मुलं. खटला सरकारी वकील चालवतो, पण मुलाच्या बाजूने स्वतंत्र वकील उभा राहू शकतो. तो वकील म्हणजे या बाई. लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांच्या कोर्टांत त्यांना 'बाई' एवढ्याच नावाने ओळखत. वय साठीकडे झुकलेलं, सुती साडी, त्यावर काळा कोट. मूळ मुलूख कंधारकडचा. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मुलांना शेतावरून काढून शाळेत घातलं, एवढं त्या आपल्या घराविषयी सांगत. पुढचं विचारलं तर विषय बदलत.

मूल यायच्या आधी त्या कोट काढून बाहेर जिन्यातल्या खिळ्याला अडकवत. उदगीरकडच्या एका घरी त्यांना कोटात बघून एक मुलगी पलंगाखाली गेली होती आणि दुपारपर्यंत बाहेर आली नव्हती. तेव्हापासून कोट जिन्यात.

मग बाकड्यावर एक ताट येई. त्यात तुरीची डाळ. मूल एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला, मधे ताट. दोघं खडे निवडत बसत. पहिल्या दिवशी बहुधा कोणी काही बोलत नसे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला डाळीकडे बघत बघत मूल एखादं वाक्य बोले. बाई मान वर करत नसत. सगळं ऐकून घेत, आणि मूल गेल्यावर जसंच्या तसं लिहून काढत. त्या बोलण्यात स्वतःचा एक शब्द घालत नसत.

बाररूममधले तरुण वकील चेष्टा करत. "बाईंचं ऑफिस न्हाई ते, दालमिल हाय."

"व्हय," बाई म्हणत. "खडे निघाले की तुमच्याकडंच पाठवून राहिले मी."

त्यांच्या खोलीत काही वाक्यांना बंदी होती. 'घाबरू नकोस' हे पहिलं. त्यांचं म्हणणं, घाबरू नको म्हटलं की लेकराला कळतं, इथं घाबरण्यासारखं काहीतरी आहे. 'शाब्बास'लाही बंदी होती. आज शाब्बास म्हणालात आणि उद्या लेकरू साक्षीत रडलं, तर त्याला वाटेल आपण नापास झालो. डोक्यावरून हात फिरवायचा नाही, गालाला हात लावायचा नाही. आजीलासुद्धा त्या आधी मुलाला विचारायला लावत. मुलाने काही विचारलं आणि उत्तर ठाऊक नसलं, तर त्या सरळ 'मला माहीत न्हाई' म्हणत. वकिलाच्या तोंडी हे वाक्य मी दुसरीकडे फारसं ऐकलेलं नाही.

मोठ्यांशी मात्र त्या तुसड्या होत्या. महिलादिनाला एका मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. बाईंनी निरोप पाठवला, शाल नको, कोर्टात लेकरांसाठी वेगळा संडास बांधून द्या. मंडळाने दुसऱ्या बाईंचा सत्कार केला. आरोपीच्या वकिलांविषयी त्यांचा राग नसे. त्यालाही वकील पाहिजेच, म्हणत. प्रश्न तेवढा लेकराच्या उंचीचा विचारावा, आणि तो न्यायाधीशांमार्फत यावा, कायद्यात लिहिलंय तसा. तसं झालं नाही तर त्या उभ्या राहत आणि समोरच्याने प्रश्न मागे घेईपर्यंत बसत नसत.

त्या हेच काम का करतात, याविषयी कुजबुज चाले. त्यांच्याच लहानपणी काही झालं असणार, असं एकजण कॅन्टीनमध्ये मोठ्याने म्हणाला. बाई मागच्या टेबलावर बशीतून चहा पीत होत्या. बशी संपवून म्हणाल्या, "हाड बसवायला डॉक्टरला आधी स्वतःचं मोडून घ्यावं लागतं का?" आणि उठून गेल्या. झालं होतं की नव्हतं, हे कोणालाच कळलं नाही. मलाही माहीत नाही.

मी तेव्हा एका दैनिकासाठी कोर्टाच्या बातम्या करत होतो. बाईंची आणि माझी ओळख नमस्कारापुरती होती. ती वाढली ती माझ्या एका बातमीमुळे.

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका गावची अकरा वर्षांची मुलगी होती. आरोपी तिच्या वडिलांचा मावसभाऊ. तो गावात शिकवणी घेई आणि घरात त्याला मान होता. दोषारोपपत्र दाखल झालं आणि मी बातमी दिली. मुलीचं नाव छापायचं नाही, शाळा छापायची नाही, गाव छापायचं नाही, हे नियम मला पाठ होते. मी ते सगळे पाळले. फक्त एका वाक्यात, मुलीचे वडील पिठाची गिरणी चालवतात, असं लिहिलं. (वडिलांचा खरा धंदा तो नव्हता. गाव आणि नातीही इथे बदललेली आहेत. खरा धंदा छापायची चूक एकदा झाली आहे.) तालुका होता, धंदा होता, शिकवणी घेणारा नातेवाईक होता. गावात गिरणी एकच होती. सकाळी आठ वाजता अंक गावात पोचला आणि नऊ वाजता बातमीचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर होता.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या कार्यालयात आल्या. हातात घडी केलेला अंक. माझ्या टेबलाच्या कडेला एक स्टूल होतं, ते ओढून त्या माझ्या शेजारी बसल्या. अंक माझ्यासमोर पसरला.

"यातलं गिरणीचं वाक्य काढलं असतं तर बातमीत काय कमी पडलं असतं?"

मी बातमी पुन्हा वाचली. "काही नाही."

"मग ते लिहिलं कुणासाठी?"

बातमीत माणूस दिसला पाहिजे, तपशील हवा, असं आम्हाला शिकवलेलं असतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. मी म्हणालो, "उद्या दुरुस्ती छापतो."

"नका छापू. ज्यांनी वाचलं न्हाई ते अंक हुडकून वाचतील." त्यांनी घडी घातली. "आणि ह्या खटल्याची बातमी इथून पुढं करू नका. निकालाचीसुद्धा."

मी कबूल केलं. म्हणून निकाल काय लागला हे इथेही सांगणार नाही.

पुढचं मला तुकड्यांतुकड्यांनी कळत गेलं. गिरणीवर दळण कमी आणि बघणारे जास्त येऊ लागले. वडिलांनी गिरणी दुपारची बंद ठेवायला सुरुवात केली. मुलीची शाळा सुटली. तिला कंधारला मावशीकडे पाठवलं. भावकीतली माणसं वडिलांकडे रोज येऊन बसू लागली. मोबाइलवर झालं ते झालं, आता कोर्टात उभं राहून आणखी सांगणार का, घराण्याची इज्जत हाय का न्हाई, असं त्यांचं म्हणणं. आरोपी जामिनावर सुटून आला होता.

साक्षीची तारीख दोन महिन्यांवर आली तेव्हा वडील बाईंच्या खोलीवर आले. मी त्या वेळी दुसऱ्या एका खटल्याचे कागद बघायला आलो होतो. मला बघून ते थबकले. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी मात्र त्यांना कोर्टात लांबून पाहिलं होतं, त्यामुळे ते कोण हे कळलं. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. खोलीचं दार लागत नसे, त्यामुळे बोलणं ऐकू येत होतं.

"बाई, आम्हाला न्हाई चालवायची केस."

"केस सरकारची हाय. तुमच्या न्हाईनं थांबत न्हाई."

"मी साक्षीत सांगतो, मला काही माहीत न्हाई म्हणून."

"सांगा. तुमची जबान तुमची हाय." बाईंचा आवाज चढला नाही. "तुम्ही तिला विचारलं का?"

"तिला काय विचारायचं? तोंडाकडं बघवत न्हाई मला तिच्या. किती महिने झाले, एका ताटाला बसलो न्हाई आम्ही."

वडील उठले आणि निघून गेले. जाताना माझ्या अंगावरून गेले. त्यांच्या पायात दोन वेगळ्या जोडांच्या चपला होत्या.

मी आत गेलो. बाई म्हणाल्या, "परवा मी कंधारला चालले. तुम्ही या."

"मी कशाला?"

"किती लांब जावं लागलं तिला, ते बघायला."

आम्ही नांदेडच्या गाडीने निघालो. अहमदपूर मागे टाकून लोह्याला उतरलो, तिथून कंधारची गाडी. तीन तासांहून जास्त लागले. बाईंच्या पिशवीत ताट होतं आणि डाळीची पुडी. रस्ताभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. कंधारला उतरल्यावर म्हणाल्या, "तुम्ही इथंच थांबा. किल्ला बघायचा तर बघून या." मी किल्ला बघितला नाही. स्टँडवरच्या बाकावर दुपार काढली. त्या दर दुसऱ्या शनिवारी हा प्रवास करत होत्या आणि एवढ्या खेपांत खटल्याचा शब्द काढला नव्हता, हे मला परतीच्या गाडीत कळलं.

त्या दिवशी शब्द मुलीनेच काढला होता.

"बोलते म्हणाली," बाई म्हणाल्या. "पण एक अट हाय. बाबा आत पाहिजेत."

"कोर्टात?"

"हाव. ती म्हणते, बाबाला कुणीच सांगितलं न्हाई नेमकं काय झालं ते. आईनं सांगितलं न्हाई, पोलिसांनी कागद वाचून दाखवला तर ते उठून गेले. त्यांना वाटतं मी काहीतरी केलं. मी बोलते, पण बाबांनी बसून ऐकायचं."

अट साधी वाटते. साक्ष देताना मुलाच्या विश्वासाचं माणूस जवळ बसू शकतं, ते वडील असले तरी हरकत नसते. पण हे वडील स्वतः साक्षीदार होते. स्वतःची साक्ष व्हायच्या आधी साक्षीदाराला दुसऱ्याची साक्ष ऐकता येत नाही. आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे पहिली साक्ष मुलीची असते, वडिलांची नंतर.

म्हणजे मुलीची अट पाळायची तर क्रम उलटा करावा लागणार होता. आधी वडील, मग मुलगी.

सरकारी वकील ऐकून हादरले. ते भले गृहस्थ, पण दिवसाला अनेक खटले बघून थकलेले. कॅन्टीनमध्ये त्यांनी बाईंसमोर हात जोडले. मी त्याच टेबलावर होतो.

"बाई, तुम्ही केस उलटी चालवायला लावून राहिल्या. बाप फुटणार हे अख्ख्या तालुक्याला माहीत हाय. पहिलाच साक्षीदार फितूर झाला तर पुढं काय राहतं? पोरीला आधी घेऊ. ती एकदा बोलली की बाप काही म्हणू दे."

"ती एकटी बोलणार न्हाई, साहेब."

"तुम्ही समजावा."

"मी समजावलं तर ती माझ्यासाठी बोलेल. मग समोरच्या वकिलाच्या तिसऱ्या प्रश्नाला गप होईल. तुम्ही बघितलंय असं."

सरकारी वकिलांनी बघितलं होतं. "आणि बापानं साक्षीत पाठ फिरवली तर?"

"तर लेकरू बाहेरच्या खोलीत असेल. तिथून मी तिला घरी नेईन. आत गेल्यावर बाप नसलेला बघण्यापेक्षा ते बरं."

"केस जाईल."

"जाईल," बाई म्हणाल्या.

सरकारी वकिलांनी दोन दिवस घेतले आणि क्रम बदलला. वडिलांची साक्ष संपली आणि त्यांची तयारी असली तर ते आतच थांबतील, मग मुलीला बोलावलं जाईल, असा अर्ज मंजूर झाला. बाईंनी वडिलांना बोलावून हे सांगितलं. त्या भेटीत मी नव्हतो. नंतर बाईंनी दोनच वाक्यं सांगितली. वडील म्हणाले होते, "मला ऐकवणार न्हाई, बाई." आणि बाई म्हणाल्या होत्या, "तुमच्या ऐकण्यासाठी न्हाई ते. तिला सांगायचं हाय." वडील तसेच जिना उतरून गेले.

तारखेच्या आधीच्या शनिवारी, कोर्टाला सुट्टी असताना, बाई परवानगी काढून मुलीला रिकाम्या कोर्टात घेऊन आल्या. हे त्या प्रत्येक मुलाबाबतीत करत. फाटकापासून दालनापर्यंत चालायचं, कोण कुठे बसतं ते बघायचं, पडदा कुठे असेल आणि त्याच्यापलीकडे आरोपी असला तरी दिसणार नाही, हे स्वतः पडद्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून तपासायचं. सोबत आलेला पट्टेवाला मला नंतर म्हणाला, पोरीने न्यायाधीशांच्या खुर्चीत बसू का विचारलं. बाई म्हणाल्या, "ती मलाबी मिळाली न्हाई अजून." पोरगी हसली. पट्टेवाल्याने हे दोनदा सांगितलं, पोरगी हसली म्हणून.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात होतो. बातमीसाठी नव्हे. खटला बंद दाराआड चालतो, आत कोणाला जाता येत नाही. बाईंनी मला लांबून बघितलं आणि जवळ येऊन म्हणाल्या, "थांबायचं तर जिन्याजवळ थांबा. तिच्या नजरेत येऊ नका."

मुलगी, तिची आई आणि बाई दालनाच्या बाजूच्या खोलीत होत्या. वडील एकटे आले नव्हते. खाली चहाच्या टपरीवर भावकीतली दोन माणसं त्यांच्याबरोबर होती. एकाचा हात त्यांच्या खांद्यावर होता. वर येताना तिघंही आले. जिन्याच्या वरच्या पायरीवर त्या दोघांना थांबवलं गेलं. वडिलांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. बाजूच्या खोलीवरून जाताना त्यांनी आत बघितलं नाही.

सरकारी वकील दालनात शिरण्याआधी माझ्याजवळ थबकले. हळू आवाजात म्हणाले, "बाप बाहेर आला की समजा संपलं."

पट्टेवाल्याने वडिलांना नुसत्या खुणेने आत बोलावलं. दार बंद झालं. अकरा वाजून वीस मिनिटं.

बाजूच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. माझ्या जागेवरून फक्त जमीन दिसत होती आणि तिच्यावर तीन जोड पाय. आईचे पाय सारखे हलत होते. बाईंचे हलत नव्हते. मुलीने एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

भावकीतल्या दोघांपैकी एकजण मोबाइलवर कोणाला तरी सांगत होता, "झालंच म्हणून धरा. आत्ता येतो बाहेर. आला की निघतोच आम्ही."

पावणेबारा वाजले. आतून काही ऐकू येत नव्हतं. बारा वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं. जिन्यावरचे दोघं पुढे सरकले.

पट्टेवाला बाहेर आला. त्याच्यामागून कोणी आलं नाही. त्याने दार आपल्यामागे ओढून घेतलं, बाजूच्या खोलीपाशी गेला आणि आत न शिरता म्हणाला, "चला बाळ. बाबा आत बसलेत."

आईच्या हुंदक्याचा आवाज आला. मुलीने चप्पल पायात सारली आणि बाहेर आली. हिरवा फ्रॉक, दोन वेण्या. व्हरांड्यात क्षणभर थांबून तिने पट्टेवाल्याला विचारलं, "बसलेत ना?"

"हाव. तुझ्या खुर्चीजवळच."

ती चालू लागली. बाई तिच्या दोन पावलं मागे होत्या. पट्टेवाल्याने दार उघडून धरलं, त्या दोघी आत गेल्या आणि दार लागलं.

मोबाइल घेतलेला माणूस माझ्याजवळ आला. मी कोर्टातलाच कोणी आहे असं त्याला वाटलं असावं.

"साहेब, आमचा माणूस कुठंय?"

"आत."

"त्याची तर साक्ष झाली की."

"झाली," मी म्हणालो. "आता मुलीची चालू आहे."

त्याने बंद दाराकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. दोघं काही वेळ पायरीवर बसले. साडेबारा वाजले तसे उठले आणि वडिलांची वाट न बघता जिना उतरून गेले.